लाल रेघेच्या वरचा पालक

चहा ओतून घ्या आधी. मी जे सांगणार आहे ते ऐकून हसू येणारच, आणि माझ्या तोंडावर हसायचं तर हातात कप असलेला बरा, तोंड लपवता येतं. खरं तर हे मी कुणाला सांगणारच नव्हते. पण माझ्या मुलीने ते अमेरिकेतल्या आमच्या या अर्ध्या बॉथेल गावाला आधीच सांगून टाकलंय, आणि तेही पदरचं तिखटमीठ लावून. तेव्हा म्हटलं, फजिती माझी आहे, ती निदान माझ्या तोंडून तरी नीट कळू दे!

तर ऐका. मी तीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली. म्हणजे पोरंपोरी प्रोग्रॅम लिहिणार आणि मी त्यातल्या चुका काढणार. चुका काढायचा पगार मिळतो, आहे की नाही मजा? आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की हे काम मी घरी फुकट करतच होते, ऑफिसने फक्त चेक द्यायला सुरुवात केली.

दोन वर्षांपूर्वी मी रिटायर झाले, आणि चुका काढायला एकटे हेच उरले. त्यांनी आठवड्याच्या आत मला कम्युनिटी गार्डनचा, म्हणजे गावच्या सामायिक बागेचा, फॉर्म आणून दिला. लाकडी फळ्यांच्या चौकटीत माती भरलेला एक वाफा मिळाला, सात नंबरचा. ह्यांचा चेहरा त्या दिवशी जो खुलला, तो आमच्या लग्नातही तसा खुलला नव्हता.

शेजारचा आठ नंबरचा वाफा मंदाकाकूंचा. काकू साताऱ्याकडच्या एका शाळेत गणित शिकवायच्या, आता मुलाकडे बॉथेललाच असतात. पंचाहत्तरीला टेकल्या आहेत, पण वाफ्यावर रोज येणार म्हणजे येणार. त्यांची सगळी शेती पाचोळ्यावर. पानगळीच्या दिवसांत गल्लीभरचा पाचोळा गोळा करायचा, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून चोथा मागून आणायचा, भाजीची देठं, फळांची सालं, सगळं एका लाकडी पेटीत कुजत घालायचं आणि वर्षभर वाट बघायची. वर्षभर! मला मायक्रोवेव्हमध्ये दूध तापेपर्यंत दम निघत नाही.

आणि एवढं करून काकूंचा पालक केवढा? तळहाताएवढा! पहिल्या वर्षी मीही त्यांचं बघून कंपोस्ट घातलं, माझाही तेवढाच आला. तो परतला की कढईत काय उरतं हो? डाग!

म्हणून दुसऱ्या वर्षी मी ते निळं खत आणलं. निळ्या दाण्यांचं असतं, पाण्यात विरघळवून झारीने घालायचं. डब्यावर लिहिलं होतं, दोन आठवड्यांतून एकदा, झारीभर पाण्याला एक लहान चमचा. डब्यात मापाचा चमचाही होता. तो मी पहिल्याच दिवशी हरवला. मग मी घरून वरणाचा डाव नेला.

लगेच हसू नका! लहान डाव होता. आणि आमच्या माहेरचं वळणच तसं. डॉक्टरने टॉनिक एक चमचा सांगितलं की आई दीड चमचा पाजणार, पोराच्या अंगाला लागावं म्हणून. इथली माणसं बिचारी भित्री, डब्यावर सगळं कमीच लिहितात, असा माझा समज. तर मी दर आठवड्याला एक डाव घालत होते. मध्येच पाऊस पडला की खत वाहून गेलं असेल, म्हणून आणखी एक. आणि बॉथेलला पाऊस किती पडतो ते काय सांगायचं!

पण काय पालक आला म्हणता! एकेक पान सुपाएवढं. हिरवं इतकं की काळं दिसावं. येणारे-जाणारे थांबून फोटो काढायचे. मी जुड्या बांधून ओळखीच्या प्रत्येकाला दिल्या, दोन-तीन अनोळखी लोकांनाही दिल्या.

काकू एकदा कमरेवर हात ठेवून माझ्या वाफ्याकडे बघत म्हणाल्या, “शैला, पानं दांडगी झालीत गं. चवीला कसाय?”

“पालकासारखाच की! दुसरा कसा असणार?”

“नाही, परवाची तू दिलेली जुडी केली होती. जरा पाणचट लागला, म्हणून विचारलं.”

जळतात, मी मनात म्हटलं. दुसरं काय?

आता एवढ्यावरच थांबलं असतं तर बरं होतं. पण डिसेंबरात मीराला, म्हणजे माझ्या मुलीला, मुलगा झाला. नील. माझा पहिलावहिला नातू! मीरा इथेच जन्मली, इथेच वाढली आणि वकील झाली. कुठलाही कागद हातात आला की तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचणार. तिने वसंत ऋतूतच फोन करून जाहीर केलं, “आई, नील जूनमध्ये सॉलिड्स स्टार्ट करणार. आधी खीर, ती तुझी सेरेमनी असते ना, ती करू.”

“उष्टावण.”

“हां, तेच. अँड देन ग्रीन्स. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनंतर थोडं थोडं द्या. पण स्टोअरचं नको. आय वॉन्ट होमग्रोन.”

“मग माझा पालक आहे की!”

मीरा जरा चाचरली.

“ऑर… मंदाकाकूंचा? इट्स सो स्वीट, आई. मला त्यांचा खूप आवडतो.”

सांगा आता! मी सख्खी आजी जिवंत असताना, हातापायांनी धड असताना, सुपाएवढी पानं पिकवत असताना, माझ्या नातवाच्या तोंडात पहिली हिरवी भाजी शेजारच्या वाफ्यातली जाणार? मला फार लागलं ते. त्या रात्री मी जेवताना ह्यांच्याशीसुद्धा बोलले नाही, आणि ह्यांनी दोनदा भात मागून घेतला.

मीराने शेवटी एवढंच कबूल केलं, “बघू. ज्या पालकात जास्त न्यूट्रिशन, तो. मला प्रूफ हवं.”

आणि देवाची करणी बघा, मे महिन्यात प्रूफ स्वतःच्या पायांनी बागेत चालत आलं!

ऋतुजा तिचं नाव. महाराष्ट्रातल्या एका कृषी महाविद्यालयातून शिकून आलेली, इथे विद्यापीठात पीएचडी करणारी. खत बदललं की पालेभाजीच्या पोषणात काय फरक पडतो, हा तिचा विषय. बर्फाची पेटी घेऊन ती प्रत्येक वाफ्यातून पालकाची एकेक जुडी गोळा करत होती. बोलता बोलता मराठी निघाली, तेव्हा मला आनंदाने काय करू नि काय नको झालं. डब्यातली थालीपीठं तिला तिथेच खाऊ घातली.

मग तिने फॉर्म काढला. “मावशी, खत कोणतं घालता?”

“निळं.”

“किती दिवसांनी?”

“दर आठवड्याला. पाऊस पडला की मध्ये आणखी एकदा.”

तिने मान वर केली. “आणि माप? डब्यातला चमचा?”

“नाही गं, डाव. वरणाचा.”

“डाव,” ती हळूच म्हणाली आणि लिहून घेतलं. “शिगोशीग का सपाट?”

“सपाट काय द्यायचं? भरून!”

पोरीने ओठ असे घट्ट मिटले, की मला वाटलं, बाई कौतुकाने भारावली. मी तिला आणखी एक थालीपीठ वाढलं. “चांगलं आहे ना गं?” मी विचारलं.

“मी आत्ता काहीच बोलू शकत नाही मावशी. तपासणी झाली की सगळ्यांना रिपोर्ट ईमेल करीन. पूर्ण वाचा मात्र.”

पूर्ण वाचा म्हणाली होती हो! अगदी थालीपीठ खाता खाता म्हणाली होती. नंतर मला सगळं आठवलं, पण नंतर आठवून काय उपयोग?

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट आला. मी भाजी फोडणीला टाकत होते, डाव्या हाताने फोन उघडला. पहिल्याच पानावर आलेख. प्रत्येक वाफ्याचा एक उभा खांब. आणि अहो, सात नंबरचा खांब काय सांगू! बाकी सगळे खांब आपले गुडघ्याएवढे आणि माझा छताला लागलेला. आठ नंबरचा तर इतका बुटका की शोधावा लागला. आलेखाच्या मध्यातून एक आडवी लाल तुटक रेघ गेलेली. सगळे तिच्या खाली, मी एकटी वर.

आता तुम्हीच सांगा, आपण कुठल्या देशातून आलो? आलेखावर लाल रेघ दिसली की आपल्याला काय वाटतं? मला वाटलं, ही डिस्टिंक्शनची रेघ! सगळ्या बागेत डिस्टिंक्शन फक्त मला! मी हातातला झारा वाजवत बाहेर आले. मागे मोहरी करपली.

हे चष्मा लावून फोन बघत बसले. मग म्हणाले, “वर नायट्रेट लिहिलंय.”

“हो, मग?”

“ते चांगलं असतं का?”

“अहो, खतात काय असतं? नायट्रोजन. पानात काय निघालं? नायट्रेट. म्हणजे घातलेलं सगळं अंगी लागलं! आठवीचं विज्ञान आहे.”

“आणि हा खालचा दुसरा आलेख? क जीवनसत्त्व. यात तुझा खांब सगळ्यात छोटा दिसतोय.”

पाहिला होता तो आलेख मी, नाही असं नाही. पण बोर्डात पहिला नंबर आल्यावर चित्रकलेचे मार्क कोण बघतं? मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. पहिल्या आलेखाचा तेवढा फोटो काढला, त्यावर माझ्या खांबाकडे बाण दाखवला, आणि बॉथेलच्या मराठी ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, “विद्यापीठाच्या तपासणीत आमचा पालक प्रथम!”

आपले ग्रुप तुम्हाला माहीत आहेत. कुणी काही वाचत नाही, पण अभिनंदन करायला कुणी चुकत नाही. फुलांचे गुच्छ आले, टाळ्या आल्या, नाचणाऱ्या बायका आल्या. एकाने तर “शैलाकाकूंनी अमेरिकेत मराठी पताका फडकावली” असं लिहिलं. दोघींनी खताचं नाव विचारलं. मी नावच नाही, डावाचा फोटोसुद्धा टाकला.

मीरालाही तोच फोटो पाठवला. बाळ रडत होतं, ती घाईत होती. “वॉव, आई! ओके, युवर पालक इट इज. फुल रिपोर्ट पाठव ना मला.”

“पाठवते,” मी म्हटलं. आणि विसरले. समोरचा माणूस पुरावा पूर्ण नसतानाच खटला सोडून देतो म्हटल्यावर वकिलाला पुन्हा पुन्हा आठवण कोण करणार? मी जिंकले होते!

जिंकल्यावर माणसाने उदार व्हावं. मी पेढे केले आणि काकूंकडे गेले. सोबत निळ्या खताचा एक नवा कोरा डबा, वर लाल रिबीन बांधून. नातवाला आपलीच भाजी जाणार म्हटल्यावर मला काकूंची दयाही यायला लागली होती.

काकूंनी पेढा तोंडात टाकला. “कशात आला म्हणालीस पहिला नंबर?”

“नायट्रेटमध्ये.”

“अस्सं. आणि ते जास्त असलेलं बरं असतं?”

“काकू, अहो, पहिला नंबर आहे!”

काकू सावकाश पेढा संपवत म्हणाल्या, “आमच्या शाळेत एक पोरगं होतं. गैरहजेरीत दरवर्षी पहिलं यायचं. त्यालाही वाटायचं, आपल्याला बक्षीस मिळणार.”

“हो का? मग मिळालं?” मी विचारलं.

खरंच विचारलं हो मी! काकूंनी माझ्याकडे बघितलं, डबा घेतला, आणि म्हणाल्या, “उष्टावणाला मी पुढेच बसेन हं, मला लांबचं दिसत नाही.”

शनिवारी सकाळी आमच्या घरी उष्टावण. दिवाणखान्यात पाट, भोवती रांगोळी, चांदीची वाटी, खीर चाटवायला सोन्याची अंगठी. मीराला भाऊ नाही, त्यामुळे मामाच्या जागी आजोबा. नील आजोबांच्या मांडीवर बसून त्यांचा टाय चघळत होता. आणि पाटाच्या मागे भिंतीवर काय होतं माहीत आहे? तो आलेख! मी मोठा छापून, काचेच्या चौकटीत घालून टांगला होता. वर झेंडूचा छोटासा हार. हार जरा जास्त झाला असं हे म्हणत होते, पण मी त्यांना म्हटलं, तुमच्या प्रमोशनला मी काय कमी केलं होतं?

ऋतुजाला खास बोलावलं होतं. बिचारी घरापासून लांब, दोन घास गोडाचे खाईल, आणि तिच्यासमोर माझं थोडं कौतुकही होईल. तिला बस उशिरा मिळाली, ती येईपर्यंत अंगठीने खीर चाटवून झाली होती. नीलने खीर थुंकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले.

मग मी स्वयंपाकघरातून दुसरी वाटी आणली. वाफवून, वाटून, गाळून केलेला माझा पालक. दोन शब्द बोलायचे म्हणून घसा साफ केला. “आज माझ्या नातवाच्या पोटात,” मी म्हणाले, “विद्यापीठाने गौरवलेला…”

एवढ्यात दार उघडून ऋतुजा आत आली. ओलं जॅकेट काढता काढता तिने भिंतीकडे पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या चमच्याकडे.

“मावशी, थांबा! बाळाला देऊ नका!”

आणि त्याच क्षणी माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. पुढे बसलेल्या मंदाकाकू! पंचाहत्तरीच्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

फोटो काढणाऱ्यांचे फोन खाली आले, आणि नीलनेही टाय सोडला.

“काय झालं?” मीराने बाळाला उचलून घेतलं. “व्हॉट्स राँग विथ इट?”

ऋतुजा घाबरून गेली होती, पण बोलली नीट. “ताई, मोठ्या माणसांना काही होत नाही, काळजी करू नका. पण इतकं नायट्रेट असलेली भाजी एवढ्याशा बाळाला द्यायची नसते. ती लाल रेघ… ती त्यासाठीच आहे. तिच्या वर जाऊ नये म्हणून.”

“वर जाऊ नये?” मी म्हटलं. माझा आवाज मलाच कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला.

“हो मावशी.”

“पण ते तर अंगी लागलेलं असतं ना गं?”

“उलट. अंगी लागलं असतं तर त्याचं प्रोटीन झालं असतं. झाडाला जेवढं पचतं त्यापेक्षा जास्त मिळालं की ते पानात तसंच साठून राहतं. पचवायला ऊन लागतं, आणि आपल्याकडे सगळा मे महिना ढग होते. पान फुगतं, पाणी भरतं, म्हणून मोठं दिसतं. पण त्यात क जीवनसत्त्व कमी, चव कमी.” ती जरा थांबली आणि शब्द शोधत म्हणाली, “मावशी, तुमच्या पालकाला अपचन झालंय.”

पहिलं कोण हसलं ते मी सांगणार नाही. त्यांच्या टायला लाळ लागलेली होती, एवढं सांगते.

मीराने तिथल्या तिथे ऋतुजाकडून पूर्ण रिपोर्ट फोनवर मागवला आणि सवयीप्रमाणे आधी शेवटचं पान उघडलं. तिने सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचलं. इंग्रजीत होतं, अर्थ असा: सात क्रमांकाच्या वाफ्याच्या मालकांनी खत ताबडतोब थांबवावं, आणि या वाफ्यातली पालेभाजी लहान बाळांना देऊ नये. ठळक अक्षरांत. खाली रेघ मारलेली.

“आई,” मीरा म्हणाली, “इट्स इन बोल्ड. इट्स अंडरलाइन्ड. तू थर्टी इयर्स दुसऱ्यांचे रिपोर्ट चेक करत होतीस!”

हातात पालकाची वाटी, भिंतीवर हार घातलेला माझा पराक्रम, आणि समोर ते पोर, ज्याच्या तोंडापासून चमचा वीतभर अंतरावर होता. खरं सांगते, फजितीचं काही वाटलं नाही त्या क्षणी. मी वाटी खाली ठेवली आणि पाटावरच बसले.

“काकू, तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“रिपोर्ट मलाही आला होता की.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले की! गैरहजेरीच्या पोराचं सांगितलं ना तुला? एवढं सांगूनही कळलं नाही म्हटल्यावर म्हटलं, आता प्रत्यक्ष हातच धरावा लागणार. म्हणून तर पुढे बसले.” त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “आणि मीही चुकले गं. त्याच दिवशी सरळ सांगायला हवं होतं. पण तू इतकी आनंदात होतीस, माझ्याच्याने होईना.”

मग त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक जुडी काढली. तळहाताएवढी पानं. ऋतुजा म्हणाली, यांच्या पालकात नायट्रेट रेघेच्या खूप खाली आहे, आणि क जीवनसत्त्वात या पहिल्या. काकूंचं पाचोळ्याचं खत, म्हणून हे झालं का, असं कुणीतरी विचारलं. तर ऋतुजा म्हणाली, तेही आहे, ते हळूहळू मिळत राहतं. पण कंपोस्टसुद्धा ढिगाने ओतलं तर बिघडतंच. खत कोणतं हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच किती आणि केव्हा. हे सांगताना ती डावाचा उल्लेख टाळत होती, हे माझ्या लक्षात आलं. मुलगी संस्कारी आहे.

मीराने रिपोर्टातल्या आठ नंबरच्या वाफ्याच्या चार ओळी परत परत वाचल्या, दोन प्रश्न उलटतपासणीसारखे विचारले आणि मग मान हलवली. तो पालक मीच धुतला, मीच वाफवला, मीच वाटला. डोळ्यांत पाणी होतं, ते वाफेमुळे असं मी सांगितलं. बाहेर येऊन अर्धा चमचा नीलच्या ओठांना लावला. खीर थुंकणारं ते पोर जीभ बाहेर काढून चाटायला लागलं, आणि आणखी हवं म्हणून माझ्या हाताला दोन्ही मुठींनी लोंबकळलं!

वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या हातातून खात होतं ना. तेवढ्यावर मी समाधान मानलं. संध्याकाळी मीरा निघताना गाडीत बसता बसता म्हणाली, “आई, नेक्स्ट इयर नील तुझ्या वाफ्यातलं खाणार. बट नो ब्लू स्टफ. प्रॉमिस मी.” मी नीलच्या पायाला हात लावून वचन दिलं. खूप बरं वाटलं मला.

दुसऱ्या दिवसापासून मी काकूंच्या हाताखाली पाचोळा चाळायला लागले. माझ्या वाफ्यातली माती कशी आहे ते बघायला काकू रोज येतात, आणि मी चुकले की शाळेतल्या बाईंसारखा नुसता घसा साफ करतात. निळा डबा मी दुकानात परत केला. वचन म्हणजे वचन.

आणि मग पंधरा दिवसांनी ऋतुजाचा फोन आला.

“मावशी, रागावला नाहीत ना माझ्यावर?”

“नाही गं बाई. सुधारले मी. निळं खत कायमचं बंद.”

“अरेरे.”

“अरेरे काय?”

“नाही, म्हणजे चांगलंच झालं. पण मावशी, एक विनंती होती. पुढच्या वर्षी अर्ध्या वाफ्यात तुम्ही पुन्हा तसंच खत घालाल का? तस्संच. डावाने. खत पलीकडे झिरपू नये म्हणून मधली फळी आणि खालचं प्लास्टिक मी आणून लावीन.”

“अगं, तुला वेड लागलंय का?”

“मला एक टोकाचं उदाहरण हवंय हो! आमच्या प्रयोगाच्या वाफ्यात मी मुद्दाम एवढं घालायला निघाले, तर माझे प्रोफेसर परवानगीच देत नाहीत. ते म्हणतात, खऱ्या आयुष्यात कुठलाच माणूस एवढं खत घालणार नाही. मी त्यांना म्हटलं, सर, माझ्या ओळखीच्या एक आहेत.”

मी खुर्चीत ताठ बसले. “ऐक ऋतुजा. मी मीराला शब्द दिलाय. नातवाच्या पायाला हात लावून दिलाय. कुणी कितीही गळ घातली तरी त्या मातीत निळा दाणा पडणार नाही म्हणजे नाही!”

समोरच्या सोफ्यावर हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं, की मलाच भरून आलं.

“बरोबर आहे मावशी,” ऋतुजा म्हणाली. “सॉरी हं, मी आपलं विचारून बघितलं. प्रबंधात त्या वाफ्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहायचं मनात होतं, म्हणून. असू दे. ठेवते मी.”

“थांब, थांब!”

मी फोन घेऊन उठले, मागच्या डेकवर गेले, काचेचं दार बाहेरून नीट ओढून घेतलं, आणि ह्यांच्याकडे पाठ करून अगदी हळू आवाजात विचारलं, “त्या प्रकरणात माझं नाव येईल का गं?”